विश्लेषण : वेदना वाटून घेतली की मैत्री होते? ‘किझनायव्हर’ने घेतलेली परीक्षा

एकाला ठेच लागते आणि कळ सात जणांच्या पायात जाते. एकाच्या कानाखाली बसते आणि झोंबतात सातही जणांचे गाल. मार मात्र वाटला जातो, त्यामुळे एकट्याला पूर्ण सोसावा लागत नाही. ‘किझनायव्हर’ ही बारा भागांची जपानी अ‍ॅनिमे मालिका या कल्पनेवर उभी आहे. एप्रिल ते जून २०१६ या काळात ती जपानमध्ये प्रसारित झाली. मैत्री, दुसऱ्याचे दुःख जाणून घेणे, ते वाटून घेणे अशा विषयांवरची मालिका म्हणून अ‍ॅनिमेप्रेमी आजही ती एकमेकांना सुचवतात. सुचवताना बहुधा सांगितले जाते, की दुसऱ्याची वेदना आपल्याला जाणवली तर जग सुधारेल, हा तिचा संदेश आहे. माझ्या मते मालिका नेमके उलट सांगते. कसे, ते पाहू.

(पुढे कथानकातील महत्त्वाचे तपशील येणार आहेत. मालिका कोरी पाहायची असेल तर आधी पाहून या. बारा भाग म्हणजे जेमतेम पाच तास.)

मालिका नेमकी आहे काय?

कथा घडते सुगोमोरी नावाच्या काल्पनिक शहरात. समुद्रात भराव टाकून उभारलेले, एके काळी भविष्यातले शहर म्हणून मिरवलेले आणि आता ओस पडत चाललेले हे शहर. कात्सुहिरा आगाता हा तिथला शाळकरी मुलगा कथेचा नायक आहे. त्याला वेदना होत नाही. शाळेतली टगी पोरे त्याला बदडतात, त्याच्याकडचे पैसे काढून घेतात आणि तो मुकाट उभा राहतो. दुखतच नाही तर चिडायचे कशाला, असा त्याचा साधा हिशेब. त्याची बालमैत्रीण चिदोरी ताकाशिरो त्याच्यासाठी जीव टाकते, पण तेही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

नोरिको सोनोझाकी ही मुलगी त्याला एक दिवस शाळेच्या जिन्यावरून सरळ ढकलून देते. तिचा चेहरा नेहमीच कोरा असतो. तो शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्यासह त्याच शाळेतल्या इतर काही जणांवर, कोणालाही न विचारता, एक शस्त्रक्रिया झालेली असते. यापुढे एकाची वेदना सगळ्यांत वाटली जाणार असते. सुरुवातीला हे सहा जण असतात, सातवा हिसोमू काही भागांनंतर येतो. या व्यवस्थेचे नाव ‘किझुना प्रणाली’ आणि तिचा जाहीर हेतू थेट जागतिक शांतता! दुसऱ्याला मारले की आपल्यालाही लागते, असे झाले तर कोण कोणाला मारेल, हे त्यामागचे गृहीतक.

निवडही मुद्दाम बेमेळ आहे. ख्रिस्ती परंपरेतल्या सात पापांच्या धर्तीवर आजच्या शाळेतली सात ‘पापे’ मालिका कल्पिते आणि एकेक मुलगा वा मुलगी त्या पापाचा प्रतिनिधी ठरवला जातो. ढिम्म कात्सुहिरा, सतत चांगुलपणाने वागणारी चिदोरी, हाणामारीला तयार हाजिमे तेंगा, आपल्याला पऱ्या दिसतात असे सांगणारी निको, गोड बोलणारा देखणा युता, कोणालाही जवळ येऊ न देणारी होनोका माकी आणि वेदनेतच सुख शोधणारा हिसोमू. मधल्या सुट्टीत हे सात जण आपणहून एका बाकावर बसले नसते.

‘किझुना’ या शब्दात काय आहे?

मालिकेचे नाव ज्या ‘किझुना’वरून आले, त्या जपानी शब्दाचा आजचा अर्थ बंध, ऋणानुबंध. त्याचा जुना अर्थ फारसा सांगितला जात नाही. कुत्रा, घोडा, ससाणा अशी जनावरे-पाखरे बांधून ठेवण्याची दोरी म्हणजे किझुना. आपल्याकडचे दावेच म्हणा ना. शिवाय उच्चारात ‘किझु’ आहे आणि जपानीत किझु म्हणजे जखम. बंध, दावे आणि जखम या तिन्ही छटा मालिकेने वापरल्या आहेत.

या शब्दाला एक ताजा इतिहासही होता. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला भूकंप आणि त्सुनामीने तडाखा दिला. अठरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. जपानमध्ये दर वर्षअखेरीस त्या वर्षाचे चित्राक्षर निवडतात आणि क्योतोच्या कियोमिझु मंदिरात ते भल्या मोठ्या कुंचल्याने लिहिले जाते. २०११ चे अक्षर होते ‘किझुना’. संकटात माणसे एकमेकांना धरून राहिली, या भावनेचे ते अक्षर झाले. त्यानंतर पाच वर्षांनी आलेल्या मालिकेत हाच शब्द एका यंत्रणेचे नाव बनतो आणि ती यंत्रणा मुलांच्या शरीरात त्यांच्या नकळत बसवली जाते. निर्मात्यांनी ही टीका ठरवून केली असे म्हणण्याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण बंध जपा, असे वरून सांगितले जाऊ लागले की त्याचे दावे व्हायला वेळ लागत नाही, हा अर्थ पाहताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

लेखिका कोण?

मालिका ‘ट्रिगर’ स्टुडिओची. ‘किल ला किल’ आणि नंतरच्या ‘सायबरपंक : एजरनर्स’मुळे हे नाव आपल्याकडच्या अ‍ॅनिमे पाहणाऱ्यांनाही परिचित आहे. दिग्दर्शक हिरोशी कोबायाशी. या मालिकेचा सूर मात्र मारी ओकादा या लेखिकेचा आहे. ‘आनोहाना’ (२०११) ही लहानपणीच्या मित्रमंडळातील एका मुलीच्या मृत्यूनंतर विखुरलेल्या मुलांची गाजलेली मालिका त्यांचीच.

ओकादा स्वतः शालेय वयात दीर्घकाळ शाळेत जाऊ शकल्या नव्हत्या. घरात कोंडून घेतलेल्या त्या वर्षांबद्दल त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले. अशा मुलांसाठी जपानीत ‘फुतोको’ असा स्वतंत्र शब्द आहे. तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या मोजणीनुसार २०२३-२४ मध्ये प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांमधील अशा मुलांची संख्या ३,४६,४८२ होती. ‘सगळ्यांशी मिळून-मिसळून राहा’ हे वाक्य धमकीसारखे ऐकू येणाऱ्या मुलांचा हा आकडा आहे, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. ओकादांच्या कथांत मैत्री कधीच सहज होत नाही, याचे मूळ इथे असावे.

दुसऱ्याची वेदना माणसाला खरेच जाणवते का?

थोडे विज्ञान पाहू. आपण ज्याला समानुभूती म्हणतो, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याचे सुखदुःख अनुभवणे, त्यासाठीचा इंग्रजी शब्दही तसा नवा आहे. ‘एम्पथी’ हा शब्द एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये एका जर्मन शब्दावरून घडवला. ती मेंदूत कशी घडते, याचा एक महत्त्वाचा प्रयोग २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ जोडपी निवडली. स्त्री एमआरआय यंत्रात, जोडीदार शेजारी बसलेला. कधी तिच्या हाताला विजेचा छोटा झटका, कधी त्याच्या. झटका कोणाला बसणार, हे तिला खुणेने कळत होते.

जोडीदाराला झटका बसला तेव्हाही तिच्या मेंदूतले काही भाग उद्दीपित झाले. मात्र ते वेदनेच्या भावनिक बाजूशी, म्हणजे ‘हे नकोसे आहे’ या जाणिवेशी जोडलेले भाग होते. नेमके कुठे दुखते, किती दुखते, हे नोंदवणारे भाग फक्त तिला स्वतःला झटका बसला तेव्हाच जागे झाले. म्हणजे जवळच्या माणसाचे दुखणे आपल्याला अस्वस्थ करते, पण ते दुखणे काही आपल्यात येत नाही. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही आपली म्हण प्रयोगशाळेतही खरी ठरली, असे म्हणायला हरकत नाही. दुसऱ्याला स्पर्श होताना पाहून स्वतःच्या अंगावर स्पर्श जाणवणारी काही माणसे असतात, पण ती विरळा.

कात्सुहिरासारखी, वेदनाच न जाणवणारी माणसेही खरोखर असतात. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांचा अभ्यास होता. त्याची सुरुवात एका मुलापासून झाली. हातात सुऱ्या खुपसून घेणे, निखाऱ्यांवरून चालणे असे खेळ तो रस्त्यावर करून दाखवत असे. चौदावा वाढदिवस येण्याआधीच छपरावरून उडी मारल्याने तो गेला. त्याच्या नात्यातल्या, वेदना न जाणवणाऱ्या इतरांमध्ये संशोधकांना एका जनुकातील बिघाड सापडला. वेदना म्हणजे शरीराची राखण असते, हे या मुलाच्या गोष्टीहून कठोरपणे कोणी सांगू शकणार नाही.

याच वर्षीचे आणखी एक संशोधन आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. निकोला डॅन्झिगर या फ्रेंच डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी जन्मतः वेदना न जाणवणाऱ्या रुग्णांना दुसऱ्यांच्या वेदनेबद्दल विचारले. अपघाताचे दृश्य आहे, पण माणसाचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, अशा वेळी हे रुग्ण समोरच्याची वेदना कमी लेखत. चेहरा दाखवला की मात्र त्यांचा अंदाज इतरांइतकाच बरोबर येई. ज्यांनी आयुष्यात एकदाही कळ सोसलेली नाही, त्यांनाही दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची कळ वाचता येते. त्यासाठी चेहऱ्याकडे पाहावे मात्र लागते.

हे लक्षात ठेवून मालिकेकडे परत जाऊ.

मग मालिकेत बिघडते कुठे?

दुसऱ्या भागात या मुलांना एक काम दिले जाते : स्वतःची ओळख करून द्या. नाव, वर्ग, छंद असे सांगून भागत नाही. कोणालाही सांगायचे नाही असे काही प्रत्येकाला सांगावे लागते. त्यातून देखणा युता पूर्वी लठ्ठ होता, हे बाहेर येते. निको मुद्दाम विक्षिप्त वागते, कारण सुंदर आणि श्रीमंत मुलीचा लोक हेवा करतात हे तिला ठाऊक आहे, हेही कळते. आणि माकी म्हणते, मी एका माणसाला मारले आहे.

माकीची ही गोष्ट मालिकेचा सर्वात भक्कम भाग आहे. तिची रुरू नावाची मैत्रीण होती. दोघी मिळून मांगा, म्हणजे चित्रकथा, काढत. रुरू आजारी होती, फार जगणार नव्हती. ती जितकी जवळ येऊ लागली तितकी माकी घाबरली, कारण हे माणूस गेल्यावर होणारे दुःख तिला आत्ताच दिसू लागले होते. तिने रुरूला दूर लोटले. रुरू गेली. त्यानंतर माकीने कोणालाच जवळ येऊ दिले नाही.

तोवर शरीराबरोबर मनाची वेदनाही या मुलांत वाटली जाऊ लागलेली असते. माकीच्या छातीत उठलेली कळ बाकीच्यांच्याही छातीत उठते. इथे मालिका मोठ्या हुशारीने एक गोष्ट दाखवते. कळ येते, पण तिच्यासोबत कारण येत नाही. माकीला काहीतरी भयंकर दुखते आहे एवढेच बाकीच्यांना समजते. रुरू कोण, ती कशी गेली, माकीने तिला काय म्हटले, यातले काहीही वेदनेच्या तारेवरून येत नाही. त्यासाठी त्यांना माकीच्या मागे लागावे लागते, तिची बोलणी खावी लागतात, चौकशी करावी लागते. माकीला जे सावरते ते या खटाटोपाने. यंत्राने फक्त दार वाजवले होते.

घरच्या उदाहरणाने सांगतो. आजारी माणसाला भेटायला आलेला पाहुणा ‘तुम्हाला काय होत असेल ते मी समजू शकतो’ असे म्हणतो आणि पुढची वीस मिनिटे स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलतो. त्याला वेदना माहीत आहे, यात शंका नाही. पण खाटेवरच्या माणसाला त्याने एकही प्रश्न विचारलेला नसतो. आपण सगळेच हे पाहुणे असतो. मीही असतो.

मालिका आणखी एक पाऊल पुढे जाते. मध्यानंतर प्रेमाचा गुंता वाढतो. चिदोरीचा जीव कात्सुहिरावर, तेंगाचा चिदोरीवर, निकोचा तेंगावर आणि कात्सुहिरा ओढला जातो नोरिकोकडे. नवव्या भागात भर पावसात हा सगळा गुंता एकदम फुटतो. एकाच्या मनाला लागलेली ठेच दुसऱ्याला, त्याची तिसऱ्याला, असे करत सगळे कोसळतात. मनातले बोलही एकमेकांना ऐकू येऊ लागतात. आता कारणही कळले, वेदनाही पोहोचली. म्हणजे सगळे ठीक व्हायला हवे होते. होते ते उलटेच. ज्याने त्याने झाकून ठेवलेले सगळे उघडे पडले आणि कोणाला कोणाच्या डोळ्यांत पाहता येईना. पुढे प्रयोग आटोपतो, जोडणी काढली जाते, सुट्टी लागते आणि सातही जण सात दिशांना पांगतात. या पांगण्याच्या दृश्यांत आरडाओरडा नाही, पाऊसही नाही. मला ती पावसाच्या दृश्यांहून अधिक लागली.

सगळ्यांचे दुःख एकटीने सोसले तर?

नोरिकोचा कोरा चेहरा काय आहे, हे शेवटच्या भागांत कळते. हाच प्रयोग अनेक वर्षांपूर्वी लहान मुलांवर झाला होता. तो फसला आणि त्या मुलांची वेदना नोरिकोत अडकून पडली. कात्सुहिराला वेदना होत नाही, कारण त्याच्या वाट्याची वेदना तिच्याकडे आहे. ती औषधांवर जगते, कोरी दिसते, कारण सोसणे हद्दीपलीकडे गेले आहे. आणि तरीही ती वेदना तिला परत द्यायची नाही. त्या मुलांशी असलेले तिचे एकमेव नाते तेवढेच आहे. दुखणे थांबले तर आपण पुन्हा एकटे, ही तिची भीती.

हे केवळ काल्पनिक आहे असे समजू नका. सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या पुढच्या अभ्यासांत काही जणांना दुसऱ्याचे दुःख स्वतः अनुभवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यानंतर दुःखी माणसांची दृश्ये पाहताना त्यांची स्वतःची खिन्नता वाढली. मग त्यांनाच करुणेचे, म्हणजे समोरच्याबद्दल माया आणि त्याचे भले व्हावे ही इच्छा जोपासण्याचे प्रशिक्षण दिले, तेव्हा ती खिन्नता उतरली आणि मेंदूतले वेगळेच भाग जागे झाले. पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञाने २०१६ मध्येच ‘अगेन्स्ट एम्पथी’ नावाचे पुस्तक लिहून समानुभूतीवर तोफ डागली. ती झोताच्या दिव्यासारखी आहे, ज्याच्यावर पडते त्याच्यापुरते दिसते, बाकीचे अंधारात राहतात, असा त्याचा मुद्दा. ब्लूमचे सगळेच मला पटत नाही. ज्याला कोणाचेच काही वाटत नाही, तो नुसत्या विचाराने कोणाच्या मदतीला धावेल असे मला वाटत नाही. पण अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेने प्रत्येक रुग्णाची कळ स्वतः सोसायची ठरवली, तर ती आठवडाभरात कामावर येईनाशी होईल, हे त्याचे मानावेच लागते. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या घराघरांतल्या बायकांना हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते. त्यांच्यातल्या अनेकींचा चेहरा पुढे पुढे नोरिकोसारखा होतो आणि लोक म्हणतात, ‘किती निर्विकार झाली आहे ही.’

विचारले कोणी होते?

मालिकेवर होणारा सर्वात रास्त आक्षेप संमतीचा आहे. शाळकरी मुलांना बेशुद्ध करून त्यांच्या शरीरात ढवळाढवळ करायची आणि त्याला मैत्रीचा प्रयोग म्हणायचे, हे भयानक आहे. मालिकेतले शिक्षक आणि संशोधक त्याबद्दल अधूनमधून खंत करतात, तेवढेच. पण मला वाटते, हे भयानक असणे हाच कथेचा गाभा आहे. प्रयोग करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. त्यांना युद्धे थांबवायची होती. वेदना हाच माणसामाणसांतला एकमेव समान धागा आहे, असे त्यांनी धरले आणि बाकी सगळे, म्हणजे विनोद, भूक, आळस, कंटाळा, एकत्र घालवलेली निरर्थक दुपार, हिशेबातून वगळले. सात जण जवळ येतात ते मात्र याच वगळलेल्या वेळात. मोहिमा संपल्यावरच्या गप्पांत आणि एकमेकांची थट्टा करताना.

उणिवाही आहेत. शेवटच्या तीन भागांत कथा धावत सुटते. नोरिकोचा भूतकाळ, संपूर्ण शहराला जोडून टाकण्याचा तिचा घाट, पुलावरचा शेवटचा प्रसंग, हे सारे एवढ्यात बसत नाही. हिसोमूचे वेदनाप्रेम गंमत म्हणून येते आणि गंमत म्हणूनच राहते; खरे तर ज्याला वेदना हवीशी वाटते त्याच्याशी वेदना वाटून घेण्याचा अर्थ काय, हा त्या मालिकेतला सर्वात अवघड प्रश्न होता. प्रेमाच्या त्रिकोण-चौकोनांना मिळालेल्या वेळातला थोडा जरी इकडे वळवला असता तरी चालले असते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपानमध्ये ‘कोए नो काताची’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. लहानपणी एका कर्णबधिर मुलीचा छळ केलेला मुलगा मोठेपणी तिला भेटायला जातो, त्याची ही गोष्ट. जाण्याआधी तो तिची खुणांची भाषा शिकलेला असतो. त्याला तिचे बहिरेपण अनुभवता येणार नसते. दोन्ही कलाकृती शेजारी ठेवून पाहाव्यात, अशी माझी शिफारस आहे. आधी ‘किझनायव्हर’ आणि मग हा चित्रपट, या क्रमाने.

शेवटी काय होते?

पुलावर कात्सुहिरा नोरिकोपर्यंत पोहोचतो, तेव्हा बाकीचे सहा जण त्याच्या मागे असतात. त्यांच्यातली जोडणी कधीच काढलेली आहे. त्याला लागले तर आता इतरांना कळणार नाही. तरीही ते आलेले असतात. यंत्र नसतानाही मला तुझ्याबद्दल जाणून घ्यायचे आहे, अशा अर्थाचे तो तिला सांगतो. वेदना ज्याची त्याच्याकडे परत जाते. कात्सुहिराला आता लागते आणि तो कळवळतोही. माकी, तेंगा, चिदोरी कोणाचेच प्रश्न सुटलेले नसतात. ज्याला जो आवडतो, त्याला तो मिळतोच असेही नाही.

मालिका पाहणार असाल, तर सुरुवातीचे गाणे पुढे ढकलू नका. ते ‘बूम बूम सॅटेलाइट्स’ या जपानी जोडीचे आहे. गायक मिचियुकी कावाशिमा यांना मेंदूचा ट्यूमर होता आणि तो पुन्हा पुन्हा उलटत होता. प्रकृतीमुळे दोघांनी काम थांबवायचे ठरवले आणि हे गाणे त्यांच्या अखेरच्या प्रकाशनात, मालिका संपत आली तेव्हा, म्हणजे जून २०१६ मध्ये आले. ऑक्टोबरमध्ये कावाशिमा गेले. गाण्याचे नाव ‘ले युअर हँड्स ऑन मी’, म्हणजे माझ्यावर हात ठेव.